चारशे डॉलरचं पिस्तूल

गेल्या महिन्यात मामेभावाचा मेसेज आला. टेक्ससमध्ये एमएस संपवून तो नुकताच ओपीटीवर नोकरीला लागला आहे. "भाई, पहिलं पिस्तूल घ्यायचंय. बजेट चारशे डॉलर. टॉरस घेऊ, का थोडे अजून टाकून ग्लॉकच घेऊ? तुम्ही मागे रिसर्च केला होता ना?"

केला होता. ती एक्सेल शीट अजून माझ्या ड्राइव्हवर पडून आहे. सात मॉडेल, अकरा रकाने. किंमत, वजन, मॅगझिनमध्ये किती गोळ्या बसतात, ट्रिगर कसा आहे, सगळं. इंजिनिअर माणूस मिक्सर घेतानाही रकाने पाडतो, हे तर पिस्तूल. शीट फॉरवर्ड करणं दहा सेकंदांचं काम होतं. मी लिहिलं, "घेऊ नकोस." त्याचं उत्तर आलं, "भाई, अमेरिकेत राहून तुम्ही भित्रे झालात."

ठीक आहे. भित्रा तर भित्रा. पण हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. सोलापूर, भिवंडी, मिरज, नागपूरहून दरवर्षी आपली मुलं इकडे येतात. आल्यावर वर्षभरात त्यांच्या फोनवर तेच रील फिरू लागतात: दाढीवाला तरुण, डोक्यावर टोपी, कानाला मफ, समोर कागदी टार्गेट, मागे नशीद. खाली ओळ, की तिरंदाजी शिकणं सुन्नत आहे आणि आजचं तीर म्हणजे हे. जे अजून मोहल्ल्यातच आहेत तेही हे रील बघतात आणि हळहळतात, की आपल्याला इथे हे मिळत नाही. त्या सगळ्यांशी मला भांडायचं आहे. शीट समोर ठेवूनच भांडतो.

आधी कायदा, कारण रीलमध्ये तो नसतो. अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळी जवळ बाळगता येत नाही. एफ-१ वरचा विद्यार्थी, ओपीटीवाला, एच-१बी वाला, सगळे यात आले. टेक्सस असो नाहीतर न्यू जर्सी, फरक पडत नाही. विकत घेणं सोडा, जवळ असणं हाच गुन्हा. मित्राची हातात घेऊन इन्स्टावर फोटो टाकणारे आपले पोरगे स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतःच अपलोड करतात. २०२२ पासून या गुन्ह्याला जास्तीत जास्त १५ वर्षांची शिक्षा आहे, आणि बंदुकीचा गुन्हा सिद्ध झाला की देशाबाहेर काढायला वेगळं कारण लागत नाही. आईबापानं जमीन गहाण ठेवून, बँकेचं कर्ज काढून पाठवलेला मुलगा एका फोटोपायी परत. या नियमाला एक अपवाद आहे: कुठल्याही राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स असेल तर चालतं. ही पळवाट प्रत्येक देशी ग्रुपमध्ये कुणीतरी कुजबुजतं. मलाही कुजबुजली गेली होती. त्याकडे पुढे येतोच.

समजा, कायद्याचा प्रश्न नाही. ग्रीन कार्ड आहे, किंवा जन्मच इथला आहे. मग चारशे डॉलरचा हिशेब बघू.

दुकानात सगळ्यात खाली हाय-पॉइंट, दोनशेच्या आत. जड, ओबडधोबड, पण चालतं. त्याच्या वर टॉरस जी३सी, तीनशेच्या आतबाहेर. मग रुगर आणि स्मिथ अँड वेसनची छोटी मॉडेल, साडेतीनशे-चारशे. ग्लॉक १९ पाचशेच्या वर. सगळी ९ एमएम, कारण त्याच गोळ्या सगळ्यात स्वस्त आणि सगळीकडे मिळतात. मी तीनशेचं धरलं. मग पुढचे रकाने भरायला घेतले. सुरुवातीचा क्लास, दीडशे. पटकन उघडणारी कुलपाची पेटी, शंभर. होल्स्टर, साठ. कानाचे मफ आणि चष्मा, चाळीस. महिन्याला शंभर गोळ्या सरावाच्या, म्हणजे वर्षाला बाराशे, एकेक २७-२८ सेंटला धरली तर तीनशे तीस. महिन्यातून एकदा रेंजची फी वीस, वर्षाची दोनशे चाळीस. घरात भरून ठेवायच्या वेगळ्या गोळ्यांचा एक डबा, तीस. बेरीज साडेबाराशे डॉलर. त्यात मी सराव कमीत कमी धरला होता. महिन्यातून एकदा शंभर गोळ्या झाडून माणूस नेमबाज होत नाही, फक्त हात सवयीचा राहतो.

आता ज्याचं बजेट खरोखर चारशेच आहे, तो काय करतो? पिस्तूल तर घेतोच. गोळ्यांचा एक डबा घेतो. मग उरलेल्या आठ-साडेआठशेत जे होतं ते गाळतो. म्हणजे क्लास गाळतो, कुलूप गाळतो, सराव गाळतो. आमच्या धंद्यात म्हणायचं तर कोड लिहिला, टेस्टिंग रद्द केलं आणि थेट प्रॉडक्शनला सोडला. फरक एवढाच, की इथे रोलबॅक नसतो. बजेटमध्ये पिस्तूल निवडणं म्हणजे हे असतं. पिस्तूल स्वस्त मिळतं, आणि कात्री नेमकी त्या गोष्टींना लागते ज्यांच्यामुळे ते घरात ठेवण्यालायक होतं.

आणि वस्तू म्हणून तरी भरवसा किती? अमेरिकेत टोस्टर, पाळणा, खेळण्यातली बंदूक या सगळ्यांवर ग्राहक-सुरक्षा आयोगाची नजर असते. १९७२ च्या ज्या कायद्यानं हा आयोग आला त्याच कायद्यानं खऱ्या बंदुका त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. खेळण्यातल्या बंदुकीच्या टोकाला नारिंगी रंग हवा, असा नियम आहे. खरी बंदूक सदोष निघाली तर परत बोलावण्याचा हुकूम देणारं कुणी नाही, कोर्टात जा. टॉरसच्या काही जुन्या मॉडेलवर आरोप झाला, की हातातून पडल्यावर गोळी सुटू शकते. २०१५ मध्ये कंपनीनं चूक मान्य न करता तडजोड केली आणि त्यात सुमारे साडेनऊ लाख पिस्तुलं आली. महाग घेतलं की सुटलो, असंही नाही. सिग साउअरच्या पी३२० या नावाजलेल्या मॉडेलबाबत पडल्यावर गोळी सुटण्याचीच तक्रार आली, आणि २०१७ मध्ये कंपनीला फुकट दुरुस्ती देऊ करावी लागली.

यातली एक केस मला विसरता येत नाही, कारण ती निखळ डिझाइनची केस आहे. १९९४, कॅलिफोर्निया. घरात ब्रायको कंपनीचं स्वस्त पिस्तूल. मुलाला सांभाळणाऱ्या तरुणानं ते रिकामं करायला घेतलं, म्हणजे हेतू चांगलाच होता. पण त्या मॉडेलची रचना अशी, की गोळी बाहेर काढायची तर आधी सेफ्टी बंद करावी लागे. तसं करताना गोळी सुटली, समोरचा सात वर्षांचा मुलगा मानेखाली कायमचा लुळा झाला. २००३ मध्ये ज्यूरीनं कंपनीलाही जबाबदार धरलं, आणि कंपनीनं दिवाळं जाहीर केलं. सुरक्षित करण्यासाठी आधी असुरक्षित करा, अशी रचना आमच्याकडे कुणी रिव्ह्यूला आणली तर त्याला मीटिंगमधून बाहेर काढतील. ते पिस्तूल दुकानात विकलं जात होतं, आणि त्याची खासियत एकच होती: किंमत.

"पण भाई, ख्राइस्टचर्च विसरलात का?" हा पुढचा प्रश्न असतो, आणि तो खोटा नाही.

विसरलो नाही. १५ मार्च २०१९, जुम्म्याची नमाज, दोन मशिदी, ५१ जणांचा मृत्यू. त्याआधी जानेवारी २०१७, क्युबेक, सहा जण. फेब्रुवारी २०१५, चॅपल हिल, स्वतःच्या घरात तीन मुस्लिम विद्यार्थी. मारणारा शेजारी, त्याच्याकडे डझनभर बंदुका आणि शस्त्र जवळ बाळगण्याचा रीतसर परवाना. फेब्रुवारी २०१७, कॅन्ससमध्ये श्रीनिवास कुचिभोतला, आपल्यासारखाच इंजिनिअर, ३२ वर्षांचा, संध्याकाळी सहकाऱ्याबरोबर बसलेला. मारणाऱ्यानं आधी व्हिसा कुठला ते विचारलं, माझ्या देशातून चालते व्हा म्हणून ओरडला, आणि नंतर सांगितलं की त्याला ते इराणी वाटले. मुसलमान समजून एका हिंदू मुलाला मारलं. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात देशी माणसं धर्म विसरून एका टेबलावर जेवत होती. भीती खरी आहे. भीती नाही असं म्हणणाऱ्याशी माझं बोलणंच नाही.

भांडण पुढच्या पायरीवर आहे. भीती खरी, म्हणून पिस्तूल उपाय, हे कसं? ख्राइस्टचर्चच्या लिनवुड मशिदीत अब्दुल अझीझ नावाचा माणूस कार्ड स्वाइप करायचं मशीन हातात घेऊन हल्लेखोराच्या मागे धावला. हल्लेखोरानं टाकलेली रिकामी बंदूक उचलून त्यानं त्याच्या गाडीच्या काचेवर फेकली. हल्लेखोर पळाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॉर्वेत अल-नूर इस्लामिक सेंटरमध्ये बंदुका घेऊन घुसलेल्या तरुणाला मोहम्मद रफीक या ६५ वर्षांच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्यानं नुसत्या हातांनी खाली दाबलं. मी असं म्हणत नाही, की स्वाइप मशीन हे शस्त्र आहे. मी एवढंच म्हणतोय, की धैर्य आणि पिस्तूल या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि दुकानात त्यातली एकच मिळते. न्यूझीलंडनं महिनाभरात सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी आणली. त्या पार्लमेंटमध्ये विरोधात एक मत पडलं.

उलट बाजूचं उदाहरणही आहे, ते लपवत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये टेक्ससच्याच व्हाइट सेटलमेंट गावात चर्चमध्ये गोळीबार करणाऱ्याला चर्चच्या सुरक्षा पथकातल्या माणसानं काही सेकंदांत एका गोळीत पाडलं. तोवर दोन जण गेले होते. हे पाडणारा गृहस्थ स्वतः नेमबाजी शिकवणारा होता. माझ्या शीटमधला महिन्याला शंभर गोळ्यांचा गडी तो नव्हता, आणि चारशे डॉलरवाला तर नव्हताच नव्हता.

मग येतो हक्काचा मुद्दा. दुसरी घटनादुरुस्ती सगळ्यांची आहे, आपण का मागे राहायचं? कागदावर आहे सगळ्यांची. १९६७ मध्ये ब्लॅक पँथरचे लोक कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात उघडपणे बंदुका घेऊन गेले, तेव्हाच्या कायद्यानं त्यांना ते करता येत होतं. काही आठवड्यांत कायदा बदलला. सही करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन, आणि पाठिंबा देणाऱ्यांत बंदूकवाल्यांची संघटना एनआरएसुद्धा. २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय तरुणाची गाडी पोलिसानं थांबवली. त्यानं शांतपणे सांगितलं, की माझ्याकडे बंदूक आहे. परवाना रीतसर होता. गाडीत मैत्रीण आणि तिची चार वर्षांची मुलगी होती. पोलिसानं त्याच्यावर गोळ्या झाडल्या. पुढच्या वर्षी तो पोलीस निर्दोष सुटला. आता मशिदीत गोळीबार सुरू आहे, कुणीतरी ९११ ला फोन केलाय, पोलीस दारातून आत येतात आणि त्यांना पहिला दिसतो दाढीवाला, हातात पिस्तूल असलेला आपला भाऊ. त्या एका सेकंदात तो "चांगला माणूस" आहे हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

माल्कम एक्सचा तो फोटोही मला पाठवला जातो. खिडकीचा पडदा बाजूला करून बाहेर बघणारा, हातात कार्बाइन. १९६४ चा. माझ्याही हॉस्टेलच्या भिंतीवर होता, खोटं कशाला बोलू. पण त्या फोटोतली धमकी कुठून येत होती, हे पोस्टरवर नव्हतं. नेशन ऑफ इस्लाम सोडल्यामुळे आपलेच लोक जिवावर उठले होते. पुढच्या फेब्रुवारीत त्यांच्या घरावर पेटते बॉम्ब पडले, बायकामुलं आत झोपलेली. आठवड्यानं भरल्या सभेत त्यांचा खून झाला. ती कार्बाइन यातलं काही अडवू शकली नाही.

आता शिकारीच्या लायसन्सकडे येतो. हे लिहावं की नाही यावर माझ्या बायकोशी दोन दिवस चर्चा झाली. ती म्हणाली, लिही.

२०२२ च्या हिवाळ्यात आमच्या मशिदीच्या व्हॉइसमेलवर कुणीतरी घाणेरड्या धमक्या ठेवल्या. तेव्हा मी ती शीट बनवली. एच-१बी वर असल्यामुळे शिकारीचं लायसन्स काढायचं ठरवलं. हरणाला मारायची इच्छा शून्य. ऑनलाइन कोर्स अर्धा केला. ज्या शनिवारी उरलेला अर्धा करून लायसन्स आणि पाठोपाठ पिस्तूल घ्यायचं होतं, त्या शनिवारी प्रॉडक्शन रिलीज आली. मग राहून गेलं. जानेवारीत बायको बाळंतपणाला सोलापूरला गेली. जानेवारीतच सकाळी लॅपटॉप उघडला तर लॉगिन होईना. हजारोंच्या लेऑफमधला मी एक. एच-१बी वर नोकरी गेली, की साठ दिवस मिळतात. साठ दिवसांत दुसरी नोकरी, नाहीतर सामान बांधा.

अब्बांना सांगितलं नाही. बायकोला सांगितलं नाही, तिला नववा चालू होता. चाळिसाव्या दिवसापर्यंत एकशे ऐंशीच्या आसपास अर्ज झाले होते आणि मी रात्री झोपणं बंद केलं होतं. दिवसा व्हिडिओ कॉलवर हसायचं, फजरपर्यंत छताकडे बघायचं. त्यातल्या तीन-चार रात्री अशा होत्या, की मी विम्याची कागदपत्रं काढून बसलो होतो आणि मी नसलो तर घरच्यांचा हिशेब कसा बसेल याचे रकाने पाडत होतो. हो, तिथेही रकाने. पाच वेळची नमाज पढणारा माणूस. हराम आहे हे पाठ असलेला माणूस. त्या रात्रींमध्ये माझ्या टेबलाच्या खणात शीटमधलं पहिल्या क्रमांकाचं मॉडेल नव्हतं, याचं श्रेय माझ्या शहाणपणाला नाही, ईमानालाही नाही. एका रिलीजच्या तारखेला आहे.

नंतर मी आकडे वाचले. आधी वाचायला हवे होते, पण पिस्तुलाच्या शीटमध्ये हा रकाना कुणी पाडत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं मेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा गोळी झाडणारा आणि मरणारा एकच होता. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या लाखो लोकांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये दाखवलं, की ज्या पुरुषांकडे स्वतःचं पिस्तूल आहे ते बंदुकीनं आत्महत्या करण्याचं प्रमाण पिस्तूल नसलेल्यांच्या आठपट आहे. बायकांमध्ये पस्तीसपट. म्हणजे मी शीटमध्ये ज्याची बारकाईनं तुलना करत होतो ती वस्तू, मशिदीतल्या हल्लेखोरावर चालण्याची शक्यता नगण्य, आणि माझ्या स्वतःवर चालण्याची शक्यता त्याहून कितीतरी मोठी.

"ज्याला मरायचंय तो दुसरा मार्ग शोधतोच." हे वाक्य मी आपल्या लोकांकडून सगळ्यात जास्त ऐकतो, आणि ते साफ चूक आहे. ती वेळ लाटेसारखी येते आणि बहुतेकदा ओसरते. तेवढ्यात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. बंदूक हाताशी असेल तर दहातले जवळपास नऊ वाचत नाहीत. इतर बहुतेक मार्गांत वाचणारे जास्त, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक पुढे आत्महत्येनं मरत नाहीत. एक उदाहरण देतो, कुणाचं आहे ते वाचून भुवया वर जातील, जाऊ देत. इस्रायली लष्करानं २००६ मध्ये सैनिकांना सुट्टीला घरी जाताना बंदूक बरोबर नेणं बंद केलं. तरुण सैनिकांच्या आत्महत्या सुमारे चाळीस टक्क्यांनी घटल्या, आणि ही घट मुख्यतः आठवड्याअखेरच्या सुट्टीतल्या आत्महत्यांत होती. आठवड्याच्या इतर दिवशी त्यांनी दुसरा मार्ग शोधला नाही.

आणि आपण यापासून सुरक्षित आहोत, हा गोड गैरसमज. २०२१ मध्ये जामा सायकिअॅट्री या नियतकालिकात अमेरिकी मुस्लिमांचा अभ्यास आला. आयुष्यात कधीतरी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगण्याची शक्यता मुस्लिमांमध्ये इतरांच्या दुप्पट निघाली. ज्या समाजात "डिप्रेशन? नमाज पढ, ठीक होईल" एवढंच औषध आहे, तिथे दुसरं काय निघणार? मी ज्या डॉक्टरकडे गेलो ते हिंदू होते आणि मित्रानं मला अक्षरशः हाताला धरून नेलं. मशिदीत हे सांगायला मला दीड वर्ष लागलं. सांगितल्यावर नमाजनंतर पार्किंगमध्ये चार जणांनी बाजूला घेऊन त्या डॉक्टरचा नंबर मागितला. चौघांपैकी दोघांकडे पिस्तूल आहे, हे मला माहीत होतं.

घरी बसून वाचणाऱ्यांना वाटेल, हे अमेरिकेचं पुराण आम्हाला कशाला. तुमच्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे, परवाना मिळणं कठीण, आणि मिळाला तरी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं बायकांच्या सुरक्षेच्या नावावर 'निर्भीक' हे .३२ चं रिव्हॉल्व्हर काढलं त्याची किंमत एक लाख बावीस हजारांच्या घरात होती. म्हणजे "बजेटमध्ये" उरतो तो देशी कट्टा. तो मुसलमान मुलाच्या घरात सापडला तर एफआयआरमध्ये कोणकोणती कलमं लागू शकतात, हे मालेगावच्या किंवा भिवंडीच्या माणसाला मी काय सांगणार. आत्मसंरक्षणाची भाषा करणाऱ्या मोठ्यांना एकदा विचारा, पकडल्यावर वकिलाची फी कोण देणार.

उंट आधी बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही हदीस सगळे सांगतात. बरोबर आहे. मग बांधा ना. त्या साडेबाराशे डॉलरची दुसरी शीट मी केली आहे. आमच्या मशिदीचं मागचं दार आतून बंद होत नव्हतं, त्याला बाहेर पडताना दाबला की उघडणारा दांडा आणि बाहेरून कुलूप लागलं. रक्तस्राव थांबवण्याचा क्लास झाला, बायकांसकट चाळीसेक जण शिकले, दर मजल्यावर टूर्निकेट टांगली. गोळीबारात असो की हायवेवरच्या अपघातात, ती पट्टी जीव वाचवते. तीस डॉलरची आहे आणि ती कुणाच्या हातात दिसली म्हणून पोलीस गोळी घालत नाही. मोठ्या कामांना फेमाकडून प्रार्थनास्थळांच्या सुरक्षेसाठी अनुदान मिळतं, त्यासाठी फॉर्म भरावे लागतात. फॉर्म भरण्याचं रील होत नाही, हे मान्य. पण आपल्यातले निम्मे जण जावा आणि पायथॉनवर पोट भरतात. एक अर्ज भरणं जमू नये?

आणि ज्यांना माझ्या त्या रात्री ओळखीच्या वाटल्या त्यांनी अमेरिकेत ९८८, भारतात टेलि-मानसचा १४४१६ लावावा. दोन्ही फुकट आहेत, रात्री तीनलाही उचलतात.

मामेभावाला हे सगळं मी थोडक्यात लिहून पाठवलं, माझ्या जानेवारीसकट. दोन दिवस निळ्या टिक दिसत होत्या, उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं, "मी नाही घेत भाई. पण रूममेटकडे आहे. त्याचं ग्रीन कार्ड आहे, त्याचा प्रॉब्लेम नाही." मी विचारलं, ठेवतो कुठे? "बेडखाली. बुटांच्या डब्यात." मी विचारलं, रूममेट कसा आहे? बराच वेळ टायपिंग, टायपिंग दिसत राहिलं. मग आलं, "मागच्या महिन्यात त्याचा जॉब गेला. रूममधून जास्त बाहेर येत नाही."

मी मेसेज लिहिणं थांबवलं आणि फोन लावला.